सी-१ नोटीस आलेलं चरईतलं जुनं घर: हेरिटेजच्या अर्जाआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. ठाण्यातल्या चरईत तुमच्या पणजोबांनी बांधलेलं, शंभरीकडे झुकलेलं एकमजली कौलारू घर आहे. खाली दोन पागडीची दुकानं, वरच्या मजल्यावर तुमचं कुटुंब. पावसाळ्याआधी महापालिकेनं 'अतिधोकादायक, सी-१' अशी नोटीस दारावर चिकटवली, इमारतीची मजबुती तपासायला तुम्ही बोलावलेल्या ऑडिटरनंही 'पाडा' असंच लिहून दिलं. काका आणि आत्या बिल्डरला हो म्हणायच्या बेतात आहेत. वडिलांना घर सोडवत नाही आणि त्यांचं म्हणणं असं की एकदा हेरिटेजच्या यादीत नाव लागलं की कुणाची हात लावायची छाती होणार नाही. म्हणून तुम्ही विचारताय, हा अर्ज कुठे करायचा?

अर्ज कुठे करायचा ते पुढे सांगते, पण सुरुवात तिथून करू नका. तुमच्यासमोर खरे दोन प्रश्न आहेत. आज या घरात राहणं सुरक्षित आहे का, हा पहिला. आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं हे घर कोण वापरणार आणि दरवर्षी मे महिन्यात त्याची कौलं चाळायचा खर्च कोण करणार, हा दुसरा. यादीत नाव लागल्यानं यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही. जुन्या ठाण्यातल्या घरांच्या दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करते आहे. जी घरं माझ्या डोळ्यांदेखत गेली, त्यातली बहुतेक यादीत नसल्यामुळे गेली नाहीत. छप्पर गळत राहिलं आणि भावंडांचं एकमत होईना, म्हणून गेली.

आधी नोटीस. ती खोटी किंवा बिल्डरनं आणवलेली आहे असं धरून चालू नका. महापालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकामावर कारवाई करावी लागते, ३० वर्षांवरच्या इमारतींसाठी कलम २६५अ खाली स्थैर्याचा दाखला मागता येतो आणि राहणाऱ्यांना बाहेर काढण्याचा अधिकार कलम २६८ देतं. वर्गवारी चार प्रकारची असते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना करता येईल अशी दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. तुमची सगळी लढाई सी-१ वरून सी-२ए वर येण्याची आहे. 'आमचं घर भक्कम आहे, नोटीस मागे घ्या' असं पत्र लिहून काही होत नाही. 'अमुक भाग कमकुवत आहे, त्याला आज टेकू दिला आहे, दुरुस्तीचा आराखडा आणि अभियंत्याचं हमीपत्र सोबत जोडलं आहे' असं पत्र अधिकाऱ्याला वाचावं लागतं, कारण त्यात त्याच्यावरची जबाबदारी कमी होते.

त्या अधिकाऱ्याची बाजूही समजून घ्या. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ माणसं गेली. ती काही जुनी वास्तू नव्हती, बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत होती. पण त्यानंतर ठाण्यात 'इमारत पडली तर' हा विचार प्रत्येक टेबलावर आला आणि त्याची झळ चुन्या-लाकडाच्या घरांनाही बसली. नव्या निकृष्ट काँक्रीटला लावायचा निकष शंभर वर्षांच्या सागवानाला लागू होतो आहे. माझी मूळ तक्रार याच गोष्टीबद्दल आहे, म्हणून इथे जरा थांबते.

तुमच्या ऑडिट अहवालात कोणत्या चाचण्या आहेत ते तुम्ही लिहिलं आहे: रिबाउंड हॅमर (ठोकून कडकपणा मोजणारा हातोडा), अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी (आतून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग), कार्बोनेशन, हाफ सेल. या चारही चाचण्या सळईच्या काँक्रीटसाठी आहेत. तुमच्या घरात काँक्रीट फार तर मागच्या संडासाच्या स्लॅबमध्ये असेल. घराचा भार काळ्या दगडाचं जोतं, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती आणि लाकडी खांब-तुळया पेलताहेत. रिबाउंड हॅमर चुन्यातल्या विटेवर मारला की आकडा कमीच येणार, कारण ती भिंत कधीच काँक्रीटइतकी कडक नव्हती आणि तिला तसं असण्याची गरजही नाही. दोन फूट जाडीच्या भिंतीवर एक मजला आणि कौलं एवढाच भार आहे.

कार्बोनेशनचं तर उलटंच आहे. काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन टाकल्यावर गुलाबी रंग आला नाही तर वाईट, कारण आतल्या सळईचं गंजापासूनचं संरक्षण संपलेलं असतं. चुना मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच घट्ट होतो. विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांवर रंग न येणं याचा अर्थ चुना पूर्ण मुरला आहे. जे चिन्ह काँक्रीटमध्ये आजाराचं, ते इथे तब्येत चांगली असल्याचं आहे. हाफ सेल चाचणी गंजणाऱ्या सळईची शक्यता मोजते. सळईच नसेल तर ती मोजते काय? तुमच्या अहवालात या चाचण्यांच्या आकड्यांखाली 'निकृष्ट' असा शेरा असेल आणि लाकडाबद्दल दोनच ओळी असतील, तर तो अहवाल तुमच्या घराबद्दल फारसं काही सांगत नाही. याचा अर्थ घर सुरक्षित आहे असा मात्र नाही. ते अजून कुणी तपासलेलं नाही, एवढाच अर्थ काढा.

मग तपासायचं कसं? मी पहिल्यांदा घरात जाते तेव्हा पाण्याच्या मागे जाते. पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, कुठून बाहेर पडतं. अशा घरात लाकूड मधोमध क्वचितच सडतं. तुळईचं टोक भिंतीत जिथे घुसतं तिथे सडतं, कारण भिंत ओली राहते आणि टोकाला वारा नसतो. म्हणून प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोकांशी प्लास्टर थोडं खरवडायचं, लाकडी हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, टोच्या घुसवून पाहायचा. चांगल्या सागवानात टोच्या जेमतेम टेकतो, सडलेल्यात मुठीपर्यंत जातो. मॉइश्चर मीटरनं ओलावा मोजायचा. तो २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. वाळवीच्या मातीच्या रेघा दिसल्या तर त्या चालू आहेत की जुन्या, ते एक रेघ मोडून काही दिवसांनी पुन्हा पाहिलं की कळतं.

भिंतींना ओळंबा (वजन बांधलेली दोरी) लावायचा. भिंत बाहेर झुकली असेल तर का झुकली ते शोधायचं. बहुतेक वेळा छपराच्या कैचीचं, म्हणजे त्रिकोणी सांगाड्याचं, खालचं आडवं लाकूड कुजलेलं किंवा कुणीतरी माळा करायला कापलेलं असतं, त्यामुळे वासे भिंतीला बाहेर ढकलतात. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवून तारीख लिहून ठेवायची. काच तडकली तर भेग चालू आहे, नाही तर ती जुनी, स्थिरावलेली आहे. भेग पाहून घाबरण्यापेक्षा ती हलते आहे का हे पाहणं महत्त्वाचं. ही सगळी तपासणी महागड्या यंत्राशिवाय होते. वेळ लागतो आणि शिडीवर चढून हात काळे करायची तयारी लागते. लाकडी आणि दगड-विटांच्या बांधकामाचा अनुभव असलेला अभियंता शोधा, फक्त महापालिकेच्या पॅनेलवरचं नाव पाहून बोलावू नका. अहवाल लाकडाच्या एकेका नगाचा हवा: कोणती तुळई, कोणतं टोक, किती भाग गेला आहे, उपाय काय. दोन अहवाल एकमेकांच्या विरुद्ध गेले तर व्हीजेटीआय किंवा आयआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थेकडून तिसरं मत घेता येतं. खर्च होतो, पण महापालिकेत आणि गरज पडली तर न्यायालयात त्याचं वजन वेगळं असतं.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला दोन जागांचा संशय आहे. एक, वरच्या मजल्यावर नंतर बांधलेली न्हाणी. मूळ घरात मोरी खाली मागच्या पडवीत असायची. कुटुंब वाढलं, भाडेकरू आले आणि लाकडी पाटाईवर काँक्रीटचा थर टाकून वर टाइल्स लावलेली न्हाणी झाली. तिचं पाणी वर्षानुवर्षं खालच्या तुळयांवर झिरपतं आणि दुकानदाराला छताला डाग दिसेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मी पाहिलेल्या घरांत सर्वांत वाईट लाकूड जवळजवळ नेहमी न्हाणीखाली असतं. दुसरी जागा जोतं. तुम्ही लिहिलंय की लहानपणी ओटीला चार पायऱ्या होत्या आणि आता एकच आहे. जोतं काही खचलेलं नाही. दर डांबरीकरणात, मग काँक्रीटीकरणात जुना थर न खरवडता रस्ता वर चढत गेला. आता पावसाचं पाणी जोत्याला टेकून उभं राहतं आणि भिंतीतून वर चढतं. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जोत्याच्या कडेनं पाणी काढून देणारी पन्हळ आणि जाळीचा नाला केल्याशिवाय वरची कुठलीही दुरुस्ती टिकणार नाही.

आणि सिमेंट. ओल दिसली की घरोघरी एकच उपाय होतो: आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर, वर प्लास्टिक पेंट. चुन्याची भिंत ओल घेते आणि कोरड्या दिवसांत ती सोडते. बाहेरून सिमेंट चढवलं की तिचा बाहेर पडायचा रस्ता बंद. मग ओल वर चढते, तुळईच्या टोकापर्यंत पोचते आणि जे लाकूड आणखी पन्नास वर्षं चाललं असतं ते दहा वर्षांत भुसभुशीत होतं. दुरुस्तीत पहिलं काम सिमेंटचं प्लास्टर सोलून काढणं हेच असतं. त्यानंतर भिंतीला श्वास घ्यायला पूर्ण एक कोरडा हंगाम द्यायचा. चुन्याचं प्लास्टर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरनंतर करायचं. त्यावर थेट ऊन पडू द्यायचं नाही, ओली पोती टांगून सावकाश वाळू द्यायचं. चुना भिजवून मुरवायला जे कारागीर लागतात ते आता कमी आहेत, पण संपलेले नाहीत. पुणे-सातारा-वाईकडच्या वाड्यांवर आणि मंदिरांवर काम करणारे मिळतात.

सडलेल्या तुळईसाठी अख्खी तुळई बदलायची नसते. टोकाचा सडका भाग कापून तिथे जुन्या सागवानाचाच तुकडा तिरप्या सांध्यानं जोडायचा, दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या आणि बोल्ट मारायचे, टोक भिंतीत पुन्हा पुरताना भोवती वाऱ्याला जागा ठेवायची. पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड विकत मिळतं आणि नव्या लाकडापेक्षा ते पुष्कळदा चांगलं असतं. मंगलोरी कौलं उतरवून, फुटकी बदलून, वासे-रिपा तपासून पुन्हा चढवायची. कौलांऐवजी पत्रा घातलात तर पैसे वाचतील, पण वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात बसवणार नाही. मग तिथे कुणी राहणार नाही आणि रिकामं घर फार लवकर जातं.

आता हेरिटेज. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली. ठाण्यासह बाकीच्या बहुतेक महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० पासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्यातही वारसा इमारतींची तरतूद आहे. ढोबळमानानं पद्धत अशी: महापालिका आयुक्त वारसा समितीच्या सल्ल्यानं यादी तयार करतात, हरकती-सूचना मागवल्या जातात, मालकाचं म्हणणं ऐकलं जातं आणि राज्य सरकारची मान्यता घेतली जाते. म्हणजे तुमचा अर्ज आयुक्तांच्या नावे, शहर विकास विभागाकडे जाईल. सोबत घराचा इतिहास, फोटो, मोजणी करून काढलेले नकाशे आणि हे घर गावाच्या दृष्टीनं महत्त्वाचं का, याचं टिपण हवं. इन्टॅकसारख्या वारसा जपणाऱ्या संस्थेचं शिफारसपत्र मदत करतं. वेळ किती लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. नोटिशीची मुदत आठवड्यांत मोजतात, यादीचं काम वर्षांत. अर्ज केला म्हणून नोटीस थांबत नाही, हे वडिलांना स्पष्ट सांगा.

यादीत आलंच, तर कोणत्या श्रेणीत? पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू येतात आणि तिथे मजबुतीकरणापलीकडे बदलाला जवळपास वावच नसतो. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल चालतात, बाहेरचं रूप राखायचं. कुटुंबाचं राहतं घर बहुधा तिसऱ्या श्रेणीत येईल. तिथे आतले-बाहेरचे बदल, नवा वापर, आणि इमारत खरोखर मोडकळीला आली असेल तर पुनर्बांधणीलाही परवानगी मिळू शकते. म्हणजे 'कुणी हात लावणार नाही' असं अभेद्य कवच मिळत नाही. समितीला विचारून पुढे जावं लागतं, इतकंच. बदल्यात वाया गेलेल्या विकासहक्काचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायला विकता येणारा बांधकामाचा हक्क, मागता येतो. तो विकून दुरुस्तीचा पैसा उभा राहू शकतो आणि यादीत येण्याचा खरा फायदा मला तिथेच दिसतो. पण तो मंजूर व्हायलाही कागद, वेळ आणि सर्व मालकांच्या सह्या लागतात. काका-आत्यांचा विरोध असताना वडिलांनी एकट्यानं अर्ज केला तर घरातलं भांडण महापालिकेच्या फायलीत जाईल आणि दोन्ही ठिकाणी अडून राहील.

आणखी एक गैरसमज बरेचदा ऐकते: 'म्हाडा दुरुस्ती करून देत नाही का?' म्हाडाचं इमारत दुरुस्ती मंडळ मुंबई शहर बेटावरच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींसाठी आहे. ठाण्यात ते येत नाही. इथे दुरुस्तीचा भार मालकावर आणि त्यासाठी पैसा मागायचा कुणाकडे, हा प्रश्न कायम.

पैशाचं बोलू, कारण घर शेवटी तिथे अडतं. दुकानांचं भाडं तुम्ही सांगितलं नाहीत, पण हिशेब करून पाहा. २००० साली लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. तेव्हा २०० रुपये भाडं असेल तर दरवर्षी न चुकता वाढवूनही आज ते साडेपाचशेच्या आसपास आहे. त्यात एका खणाची कौलंही चाळून होत नाहीत. मालक दुरुस्ती करत नाही कारण उत्पन्न नाही, भाडेकरू करत नाही कारण घर त्याचं नाही, आणि पाऊस दोघांसाठी थांबत नाही. पण तुमच्या दुकानदारांना पाडकामातून काही लगेच मिळणार नाही. सांगलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलं आहे की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. हक्क राहतो, धंदा मात्र काही वर्षं बुडतो. म्हणून त्यांच्याशी बसून बोला. खर्चात वाटा, बदल्यात लेखी करार आणि दुरुस्तीच्या काळात एकेक गाळा आळीपाळीनं रिकामा करायची सोय. दुकानं रस्त्यावरची आहेत, त्यांना ही जागा टिकवण्यात तुमच्याइतकाच रस आहे. बोलणी काहीही होवोत, प्रत्येकाच्या ताब्यातल्या क्षेत्राची मोजणी करून त्यावर सगळ्यांच्या सह्या आजच घेऊन ठेवा.

बिल्डरचा प्रस्तावही नीट वाचा. चरईतल्या आतल्या गल्ल्या अरुंद आहेत आणि किती चटईक्षेत्र मिळणार ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. जुनं घर रस्त्याला लागून आहे. नवं बांधताना रस्तारुंदीसाठी आणि मोकळ्या जागेसाठी मागे सरकावं लागेल. एकट्या छोट्या प्लॉटवर पार्किंग आणि लिफ्ट बसवल्यावर काय उरतं, ते स्वतंत्र आर्किटेक्टकडून कागदावर मांडून घ्या. पुष्कळदा असं दिसतं की शेजारचे दोन प्लॉट जोडल्याशिवाय गणित जमतच नाही. तोवर घर रिकामं करून, पाडून, भाड्याचे चेक थांबलेले आणि प्लॉटवर गवत वाढलेलं असतं. नागरी पुनरुत्थान आराखड्यात, म्हणजे अख्ख्या भागाचा एकत्र पुनर्विकास करणाऱ्या क्लस्टरमध्ये तुमचा भाग येतो का, हेही महापालिकेत विचारा. येत असेल तर सगळे पर्याय बदलतात. मालमत्ता पत्रकावर कुणाकुणाची नावं आहेत ते नगर भूमापन कार्यालयातून काढून आणा. आत्यांचा वाटा काकांइतकाच धरून चाला.

काका-आत्यांना पैसा हवा असेल तर त्यात गैर काही नाही. त्यांनी इतकी वर्षं त्या घरातून काही घेतलं नाही, वापर तुमच्या कुटुंबानं केला. त्यांचा वाटा देण्याचा मार्ग दुरुस्तीच्या आराखड्यातच असायला हवा: टीडीआरमधून, किंवा वरच्या मजल्याचा काही भाग भाड्यानं देऊन, किंवा हप्त्यांनी. 'आपल्या पूर्वजांची वास्तू' एवढं म्हणून त्यांना गप्प करू नका.

वापरात राहतं तेच टिकतं, हे माझं म्हणणं ठाण्यात काय टिकलं ते पाहिलं की मला पटतं. कोपिनेश्वराचं देऊळ १७६० मध्ये सरसुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी उभं केलं आणि पुढे गावानं वर्गणी काढून त्याचा जीर्णोद्धार केला. १८७९ चं सिनेगॉग आजही बेने इस्रायल, म्हणजे इथली ज्यू मंडळी वापरतात. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये प्रार्थना होतात. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे तिथल्याच कैदेतून निसटले. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तिथेच फाशी दिलं. तो किल्ला उभा आहे कारण त्याचा तुरुंग झाला. भिंत पडली तर दुरुस्त करणं सरकारला भाग होतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, कारण वाचक येत राहिले. खाडीपलीकडे बेलापूरचा किल्ला बघा. त्याला कुणी राहणारा उरला नाही. बुरुज आणि पडक्या भिंती राहिल्या, भोवती नवी मुंबई वसली.

बेलापूरचंच दुसरं उदाहरण माझ्या मनात नेहमी असतं. चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी तिथे छोट्या घरांची वसाहत केली, आज तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. कुटुंब वाढेल तसं घर वाढवता यावं अशीच ती योजना होती. लोकांनी खरंच वाढवली, बरीच मूळ घरं पाडून उंच बांधली. काही आर्किटेक्टांना त्याचं दुःख होतं, मला निम्मंच होतं. घरांमधले सामायिक चौक अजून चौक आहेत, मुलं तिथे खेळतात. तुमच्या घरातही सगळं राखता येणार नाही. ओटी, पुढची लाकडी कमान, जिना आणि छप्पर राखून आतली न्हाणी, वायरिंग, स्वयंपाकघर पूर्ण आधुनिक केलं तरी मी त्याला जतनच म्हणेन. घर वापरात राहावं, यासाठी हे बदल लागतातच.

कधी 'पाडा' म्हणेन तेही सांगते. भारवाही भिंत तिच्या जाडीच्या मानानं फार कलली असेल आणि कल वाढत असेल, पाया पाण्यानं धुपला असेल, निम्म्याहून अधिक तुळयांची टोकं गेली असतील आणि कुटुंबात दुरुस्तीचा पैसा उभा राहण्याची काहीच शक्यता नसेल, तर माणसांचा जीव आधी. अशा वेळी पाडण्याआधी घराची पूर्ण मोजणी करून नकाशे काढून ठेवा, प्रत्येक खोलीचे फोटो काढा, कोरीव दारं, कडीपाट आणि चांगलं सागवान क्रमांक घालून उतरवा. पाडकामाचा ठेकेदार ते 'भंगार' म्हणून फुकट नेऊ पाहतो; करारात लाकूड मालकाचं असं लिहा.

आता या दोन आठवड्यांत काय? न्हाणीचा वापर आजपासून बंद करा आणि तिच्याखालच्या गाळ्यात लोखंडी टेकू लावून घ्या, दुकानदाराला थोडे दिवस त्रास होईल तरी. त्या भागाखाली कुणी झोपू नका. कौलांवर ताडपत्री बांधा, पण कडेनं वारा जाईल अशी. नोटिशीला लेखी उत्तर द्या, पोच घ्या, टेकूचे फोटो जोडा आणि लाकडी बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याच्या तपासणीसाठी मुदत मागा. तपासणीचा निकाल येईपर्यंत वडिलांना काकांकडे हलवता आलं तर हलवा. घर वाचवायचं म्हणून त्यात जीव धोक्यात घालून बसू नये, आणि रिकामं केलं म्हणजे हक्क सोडला असंही होत नाही. मालमत्ता पत्रक, भाडेपावत्या, जुनी घरपट्टी एका फायलीत लावा.

तुळयांच्या टोकांचे, न्हाणीखालच्या छताचे आणि मागच्या भिंतीचे दिवसाउजेडी काढलेले फोटो इथे टाका. भिंतीशेजारी ओळंबा टांगून वरचं आणि खालचं अंतर मोजून लिहा. ते पाहिल्यावर सी-२ए मागायला जागा आहे की नाही, हे बरंच नेमकं सांगता येईल. नोटिशीवरची तारीख आणि उत्तराची मुदत मात्र आजच कळवा.